नऊ गाठींची बैठक

सोफ्याचं बजेट नाही, घरात शिलाई मशीन नाही, पण वीकेन्ड मोकळा आहे? मग भंडारा जिल्ह्यातलं आंधळगाव गाठा. येताना कोशाचं कापड आणा आणि घरची बैठक स्वतःच्या हाताने शिवा.

भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलं की पहिल्या महिन्यात तीन गोष्टी येतात. गॅस, वाय-फाय आणि एक गादी. सोफ्याचा नंबर लागेपर्यंत अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट संपत आलेलं असतं, मग 'पुढच्या घरात बघू' म्हणून तो विषय बंद. तोपर्यंत शनिवारी मित्र येतात, पिझ्झा येतो आणि सगळी गँग भिंतीला टेकून फरशीवर बसते. डिसेंबरात ती फरशी किती गार लागते, हे वेगळं सांगायला नको.

यावर झटपट उपाय म्हणजे रेडीमेड फ्लोअर कुशन. दिसायला मस्त, रंग झकास. पण तीन-चार महिन्यांत आतलं भरण कोपऱ्यात पळतं आणि मधोमध एक खड्डा पडतो. मग आपण त्याला थोपटतो, हलवतो, उलटं करतो. पुन्हा खड्डा. एक दिवस ते कुशन बाल्कनीत जातं आणि तिथून कचऱ्यात.

आता आजीच्या घरची कापसाची गादी आठवा. तिच्यावर वीतवीत अंतरावर खळ्या असायच्या आणि प्रत्येक खळीत दोऱ्याची एक गाठ. लहानपणी आपण त्या गाठी बोटाने उचकटत बसायचो. आपल्याला ते डिझाइन वाटायचं, पण त्या गाठीला पक्कं काम होतं. वरचं कापड, मधला कापूस आणि खालचं कापड एकमेकांना बांधून ठेवायचं, म्हणजे कापूस जागचा हलत नाही. इंटिरियरवाले यालाच 'टफ्टिंग' म्हणतात आणि त्याचे वेगळे पैसे लावतात. जपानमध्ये जमिनीवर बसायला जे चौकोनी झाबुतोन वापरतात, त्याच्याही मधोमध असाच टाका असतो. वरून चार कोपऱ्यांना चार गोंडे. फंडा जगभर एकच.

आणि गंमत अशी की या टाक्याला मशीन लागतच नाही. खरं तर मशीनवर तो घालताच येत नाही. चार इंच जाडीची भरलेली गादी घरगुती मशीनच्या सुईखाली जाणार कशी? रस्त्याच्या कडेला बसणारा गादीवाला बघा. खोळ तो मशीनवर शिवून आणेल, पण टाके घालायची वेळ आली की तो गादीवरच मांडी ठोकतो आणि हातात दाभण घेतो. त्यामुळे 'माझ्याकडे मशीन नाही' ही सबब इथे चालत नाही.

राहिला प्रश्न कापडाचा. तो मला थेट आंधळगावला घेऊन गेला.

गाडी वरठीला थांबते

मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेस, पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेस. दोन्ही गोंदियापर्यंत जातात आणि दोन्ही 'भंडारा रोड'ला थांबतात. हे स्टेशन भंडारा शहरात नाही, वरठी नावाच्या गावात आहे. नागपूर मागे पडलं की खिडकीतलं चित्र बदलायला लागतं. कापूस आणि संत्री मागे राहतात, भाताची बांधी सुरू होते. मधेच एखादं तळं चमकतं, मग दुसरं, मग तिसरं. भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात ते उगाच नाही. पितळेच्या भांड्यांसाठीही हा जिल्हा प्रसिद्ध आहे, पण मला हवा होता कोसा.

भंडाऱ्याहून तुमसरला जाणारी एसटी मोहाडीवरून जाते. आंधळगाव याच मोहाडी तालुक्यात. मोहाडीला चौंडेश्वरीचं देऊळ आहे. चौंडेश्वरी ही देवांग कोष्टी समाजाची, म्हणजे विणकरांची कुलदेवता. मागावरच्या माणसांकडे निघालोय तर आधी त्यांच्या देवीला नमस्कार करावा, म्हणून मी तिथे उतरले. पुढे ऑटो मिळाली. ऑटोवाल्याने विचारलं, "कोणाकडे जाता जी?" म्हटलं, "कोसा बघायला." त्याने मान डोलावली. या उत्तराची त्याला सवय असावी.

गावाच्या नावावर शहरातले मित्र भरपूर विनोद करून झाले होते. प्रत्यक्षात इथे केसाएवढा धागा तुटला तर विणणाऱ्याला तो आधी बोटांना कळतो, मग डोळ्यांना. आंधळगाव शोधायला कान पुरतात. एका गल्लीत शिरलं की घरातून आवाज येतो, खट्-खटाक्, खट्-खटाक्. आवाज आला की समजायचं, इथे माग चालू आहे. मात्र काही दारांपुढून जाताना तो आवाज येत नाही. त्याकडे नंतर येऊ.

झाडावरचं रेशीम

कोसा म्हणजे टसर. आपल्या डोक्यात रेशीम म्हटलं की तुतीची पानं आणि मऊ पांढरे कोष येतात. कोसा त्यातला नाही. हा किडा जंगलातल्या ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढतो. भंडारा आणि गडचिरोलीच्या पट्ट्यात पारंपरिकपणे ढीवर समाजाची माणसं ही कोसाशेती करतात. किड्यांना झाडावर सोडायचं आणि पक्ष्यांपासून, मुंग्यांपासून दिवसभर राखण करायची. या किड्याचे प्रदेशानुसार जे प्रकार पडतात, त्यातल्या एकाला रेशीम संशोधक 'भंडारा' याच नावाने ओळखतात. जिल्ह्याच्या नावाचा किडा! पुण्या-मुंबईच्या नावाचा असा एखादा जीव असल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

टसरचा कोष हातात घेतला तर लहान अंड्याएवढा आणि तसाच टणक लागतो. वर एक कडक देठ असतो, त्याने तो फांदीला लटकलेला असतो. हा कोष सोड्याच्या पाण्यात उकळून मऊ करायचा, मग धागा काढायचा. रंग मुळातच मधासारखा. डाय करायची गरज नसते. त्या पिवळसर सोनेरी रंगासाठीच मी इतक्या लांब आले होते.

धागा काढायची जुनी पद्धत म्हणजे चार-सहा कोषांची टोकं एकत्र धरून उघड्या मांडीवर वळत बसायचं. टसरच्या पट्ट्यात पिढ्यान् पिढ्या बायका हेच करत आल्या. मांडीची कातडी सोलवटते, पाठ जाते आणि दिवसाला हातात पडणारं सूत थोडंच. म्हणूनच केंद्र सरकारने २०१७ पासून 'बुनियाद' नावाचं धागा काढायचं यंत्र देऊन ही पद्धत बंद करायची मोहीम हाती घेतली. हे मुद्दाम सांगते, कारण आपण शहरातले लोक 'हॅन्डमेड' शब्द ऐकला की लगेच हळवे होतो. हाताने केलेलं सगळंच चांगलं नसतं. जिथे मशीन माणसाची कातडी वाचवतं तिथे मशीनच हवं. प्रश्न एवढाच की जे हातानेच होतं, ते कुठलं?

तीन धोट्यांची करवत

त्याचं उत्तर मला एका घराच्या पुढच्या खोलीत मिळालं. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसलेले साठीचे काका, समोर ताणलेला माग. बाजूला काकू चरख्यावर कांड्या भरत होत्या. मागावर करवत काठी साडी होती. हा विदर्भाचा खास प्रकार. साडीचं अंग कोशाचं आणि काठाला करवतीच्या दातांसारखे त्रिकोण. देवळांची रांग असावी तसे एकामागे एक. या करवत काठी साड्यांना आणि कापडाला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे.

तो काठ विणताना बघणं म्हणजे एक शोच आहे. साध्या कापडाला एक धोटा पुरतो. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. इथे धोटे तीन. एक मधल्या कोशाचा, दोन दोन्ही काठांचे. प्रत्येक फेरीत अंगाचा धागा काठापर्यंत येतो, काठाच्या धाग्यात अडकतो आणि परत फिरतो. हे अडकवणं हाताने. दोन्ही बाजूंना, प्रत्येक ओळीला. दातांचा त्रिकोण या अडकवण्यातूनच उमटतो. त्यामुळे खऱ्या करवत काठीत काठाचा रंग भरीव दिसतो, अंगाचा धागा त्यात घुसत नाही. छापलेल्या किंवा नकली काठात ही गोष्ट जमत नाही. पुढच्या वेळी प्रदर्शनात 'टसर करवती' म्हणून साडी समोर आली, तर काठ उलटा करून बघा. दोन मिनिटांत कळेल.

"मशीनवर होत नाही का हे?" मी विचारलं. काका हसले. "मशीन भागते जी. ह्याले थांबा लागते."

एवढंच. पण मला ते पुरलं. मशीन धावतं, आणि या कामाला प्रत्येक ओळीत थांबावं लागतं. आजीच्या गादीचा टाकाही तसाच. आरपार सुई घालायची, थांबायचं, दोरा ओढायचा, किती ओढला ते हाताने बघायचं, मग गाठ. दोन्हीकडे दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत अडकवायच्या आहेत, आणि घाई केली की अडकत नाहीत.

"बसाले कोसा?"

मग मी काम सांगितलं. जमिनीवर बसायची कुशन्स करायची आहेत, त्यासाठी कापड हवंय. काकूंचा चरखा थांबला.

"बसाले? कोसा बसाले?"

त्यांच्या प्रश्नात राग नव्हता, पण गोंधळ नक्की होता. कोसा म्हणजे लग्नाचं वस्त्र, पूजेचं वस्त्र, सोवळ्याचं. घरातल्या कपाटात वरच्या कप्प्यात राहणारं. त्यावर कोणी पिझ्झा खात बसणार, ही कल्पना त्यांना पचेना. मी म्हटलं, "काकू, पूजेला बसतो ते आसनही रेशमाचं असतंच की." त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "आसनावर बसते तवा माणूस पाय धुऊन बसते बाई."

यावर कोणाकडे उत्तर असेल तर कळवा. माझ्याकडे नव्हतं.

मधला मार्ग काकांनी काढला. करवत काठाचं कापड कापायला ते देणार नव्हते. दुपट्टा घ्या, साडी घ्या, अंगावर घाला, भिंतीवर लावा, पण काठाला कात्री नको. "कापाचं असन त गिच्चा न्या," ते म्हणाले आणि आतून एक तागा आणला. गिच्चा म्हणजे ज्या कोषांतून पतंग भोक पाडून बाहेर पडलाय किंवा जे सलग उलगडत नाहीत, त्या कोषांपासून कातलेलं जाडंभरडं सूत. त्याचं कापड खरबरीत, मधेमधे जाड गाठी असलेलं, दणकट. साडीच्या कोशाचा मोठा भाऊच म्हणा. पडदे, कुशन, जाकिटं यांना तो अगदी फिट. रंग तोच, मधाचा.

मी सव्वादोन मीटर गिच्चा घेतला. पैसे देताना काकूंनी एक पिशवी पुढे केली. आत कोशाच्या धाग्यांचे झुपके होते. जुना ताणा संपत आला की नवा ताणा त्याला धागा धागा गाठ मारून जोडतात. त्यात कापली जाणारी टोकं आणि मागावर उरलेले तुकडे असे साठत जातात. "गोंडे कर याचे," काकू म्हणाल्या. बसायला कोसा द्यायला नाखूश असलेल्या काकूंनीच माझ्या कुशनचं डिझाइन ठरवलं होतं. त्या झुपक्यांचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

निघताना मी बंद दारांबद्दल विचारलं. त्या घरांतले माग निघाले, पोरं नागपूरला गेली, काका म्हणाले. त्यांचाही मुलगा तिकडेच असतो. "मागावर बसन का तो?" असं विचारून त्यांनी स्वतःच मान हलवली. करवतीच्या साडीला दिवसच्या दिवस लागतात, आणि त्या दिवसांचा हिशोब शहरातल्या पगाराच्या स्लिपसमोर टिकत नाही. माझ्या तीन कुशन्सने यात काही फरक पडेल असा दावा मी करणार नाही. पण एक गोष्ट लक्षात आली. करवतीची साडी आपल्यापैकी बहुतेकांच्या बजेटबाहेर आहे, आणि असली तरी ती वर्षातून एकदा निघते. साधा गिच्चा मात्र आपल्या आवाक्यातला आहे, रोजच्या वापरातला आहे आणि तोही त्याच मागावर होतो. माग चालू राहायला रोजचं कापडही विकलं जावं लागतं.

आता शिवा

पुढचं सगळं दोन संध्याकाळींत होतं. एक कुशन, साधारण दोन फूट बाय दोन फूट, चार इंच जाड. त्यासाठी हे हवं:

• वरच्या बाजूला गिच्चा किंवा कुठलंही जाड हातमाग कापड, २६ इंच बाय २६ इंच
• खालच्या बाजूला जाड खादी किंवा सुती कापड, तेवढंच. फरशीवर घासतं ते खालचंच कापड, तिथे रेशीम वाया घालवू नका.
• आतल्या खोळीसाठी मांजरपाट, त्याच मापाचे दोन तुकडे
• पिंजलेला कापूस, सव्वादोन ते अडीच किलो
• जाड सुई, मजबूत सुती दोरा, सहा इंची दाभण, गादीवाले वापरतात तो जाड दोरा आणि मेणबत्तीचा एक तुकडा
• गोंड्यांसाठी धाग्यांचे १८ झुपके. कोशाचे नसतील तर लोकर किंवा जाड सुती दोराही चालेल.

पहिली संध्याकाळ: खोळ. मांजरपाट आधी धुऊन, वाळवून घ्या, नाहीतर नंतर आटेल. दोन तुकडे एकावर एक ठेवून तीन बाजू शिवा, कडेपासून एक इंच आत. टाका उलट्या टिपेचा. सुई पुढे काढायची, अर्धं पाऊल मागे घालायची, परत एक पाऊल पुढे. साधा धावदोरा इथे टिकत नाही. कोणी धपकन बसलं की उसवतो. उलटी टीप प्रत्येक टाक्याला स्वतःचा आधार देते, त्यामुळे एक टाका तुटला तरी शेजारचा धरून राहतो. टाके पाव इंचाचे ठेवा. टीव्ही बघत, फोनवर गप्पा मारत हे काम मजेत होतं. गिच्चा आणि खादीची बाहेरची खोळही अशीच शिवा. गिच्चाच्या कडा सुटतात, म्हणून कापल्या कापल्या कडेने तिरके टाके मारून घ्या.

आता मांजरपाटाची खोळ बाहेरच्या खोळीत घाला आणि कापूस भरा. गोळे कोंबू नका. हाताने सुटा करत थरावर थर द्या, आधी चारही कोपरे, मग कडा, शेवटी पोट. वाटतं त्यापेक्षा जास्तच भरा, कारण टाके घातल्यावर तो दबतो. भरून झालं की चौथी बाजू आधी आतली, मग बाहेरची, हातानेच बंद करा. या क्षणी तुमचं कुशन एखाद्या फुगलेल्या पुरीसारखं दिसेल. घाबरू नका.

दुसरी संध्याकाळ: गाठी. खडूने नऊ खुणा करा, तीन ओळी, प्रत्येक ओळीत तीन. कडेपासून पाच इंच आत आणि एकमेकींपासून सात इंच. खालच्या बाजूलाही तशाच खुणा हव्यात. दोरा मेणबत्तीवर दोनदा ओढून घ्या, म्हणजे तो गुळगुळीत होतो आणि गाठ घसरत नाही.

सुरुवात मधल्या खुणेपासून. दाभण वरून सरळ खाली घाला, वर आठ-नऊ इंच दोरा सोडून द्या. खालून दाभण बाहेर आली की दोऱ्याखाली एक झुपका आडवा ठेवा आणि दाभण दोन सूत अंतरावरून परत वर काढा. आता वर दोन टोकं आहेत. त्यांच्यामध्ये दुसरा झुपका ठेवा, सरकती गाठ मारा आणि हळूहळू ओढा. कुशन दबत जाईल, खळी पडेल. हवी तेवढी खोल झाली की वरून दोन पक्क्या गाठी मारा.

झुपका फक्त शोभेचा नाही. तो नसेल तर ताणलेला दोरा कापडाला कापत जातो आणि काही दिवसांत भोक पडतं. झुपक्यामुळे ताण एका बिंदूवर न येता पसरतो. याच कारणासाठी काही जण बटणं लावतात. पण जमिनीवर बसायच्या कुशनवर बटण टोचतं, गोंडा टोचत नाही. काकूंचा सल्ला अगदी प्रॅक्टिकल होता.

मधली गाठ झाली की चार कोपऱ्यांकडच्या खुणा घ्या, तिरक्या क्रमाने. गाडीच्या चाकाचे नट आवळतात तसं. मग उरलेल्या चार. सरळ ओळीने गेलात तर कापूस एका बाजूला ढकलला जातो. प्रत्येक खळी आधीच्या खळीएवढीच खोल हवी. मोजायला पट्टी लागत नाही, बोट घालून बघा. सगळ्या झाल्या की झुपक्यांची टोकं कात्रीने सारखी करा. झालं.

रात्री त्या कुशनवर बसून बघा. मध्ये खड्डा पडत नाही, कडा मोकळ्या होत नाहीत. कापूस जिथे ठेवलात तिथेच आहे, कारण तो नऊ ठिकाणी बांधलेला आहे.

पाच वर्षांनी काय?

या बैठकीचा खरा फायदा दुकानात कळत नाही, तो काही वर्षांनी कळतो. कापूस दबणारच, ते त्याचं कामच आहे. तेव्हा नऊ गाठी कापायच्या, एक बाजू उसवायची, कापूस पिंजून घ्यायचा. पिंजणारे आता धुनकीऐवजी मोटरवरचं मशीन वापरतात, पण काम तेच. कापूस परत फुलतो. बाहेरची खोळ ड्रायक्लीन करून आणायची, पुन्हा भरायची, पुन्हा नऊ गाठी मारायच्या. फोमचं कुशन बसलं की बसलं, त्याला दुसरा जन्म नसतो. याला हवे तितके आहेत. घर बदललं तरी टेम्पोत सगळ्यात वर टाकून नेता येतं.

एरवी काळजी फार नाही. महिन्यातून एकदा उलटंसुलटं करा. कापसाला ऊन लागतं, पण कोशाचा रंग कडक उन्हात फिका पडतो, म्हणून खादीची बाजू वर करून सकाळच्या उन्हात ठेवा. चहा सांडला तर चोळू नका, सुती फडक्याने टिपून घ्या.

माझ्याकडे आता तीन कुशन्स आहेत. मित्र येतात, हात फिरवतात आणि 'कुठल्या ब्रॅन्डचं?' असं विचारतात. मी आंधळगाव सांगते. मग नावावरून विनोद होतो आणि त्यानंतर मी तीन धोट्यांची गोष्ट सांगते. पाय धुऊन बसायची अट मात्र अजून कोणी पाळलेली नाही. पाटी लावायच्या विचारात आहे.

जाण्याआधी

कसं जाल? मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेस, पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेस, उतरायचं भंडारा रोडला. नागपूरपर्यंत विमानाने किंवा दुसऱ्या गाडीने आलात तर पुढे भंडारा साधारण साठ किलोमीटर. तिथून तुमसरकडे जाणाऱ्या एसटीने मोहाडी आणि मोहाडीहून ऑटो.

कधी जाल? उन्हाळा टाळा. विदर्भाचा मे महिना तुमच्या प्रेमाची परीक्षा बघेल. दिवाळीनंतर भात कापणीला आलेला असतो आणि हवा छान असते.

काय घ्याल? कापायचं असेल तर साधा गिच्चा. काठाचं कापड घ्याल ते अख्खंच ठेवा. दोन मीटर गिच्चातून तीन कुशन्सच्या वरच्या बाजू निघतात. शिवाय बाजूला एक लांब पट्टी उरते, तिच्यात छोट्या उश्या होतात.

खरं की खोटं? शहरातल्या दुकानातून घेणार असाल तर सिल्क मार्कचं लेबल बघा, ते २००४ पासून आहे. हातमागासाठी वेगळा हँडलूम मार्क २००६ पासून आहे. घरी तपासायचं तर एक धागा जाळून बघा. खऱ्या रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख चिमटीत भुगा होते. प्लॅस्टिकच्या धाग्याचा टणक मणी होतो.

आणि घासाघीस? किंमत विचारण्याआधी दहा मिनिटं मागाजवळ बसून बघा. मग जो आकडा ऐकाल तो तुम्हाला महाग वाटणार नाही.